सासूबाई बाराव्या नंबरला

एकदा मी माझ्या सासूबाईंना पुसून टाकलं. त्यांच्यापाठोपाठ नणंदेला, मग नवऱ्याला, आणि हात लागल्यासरशी स्वतःलाही. भर दुपारी, मधल्या एका चहासकट. माणसं सगळी धडधाकट होती. सासूबाई तर तेव्हा मागच्या पडवीत कोकमाची सोलं वाळत घालत होत्या. पुसली गेली ती त्यांची नावं, आणि तीही एका कॉम्प्युटरमधली. तेव्हा मला वाटलं होतं, आपण फार शहाणपणा केला. तो मूर्खपणा होता हे कळायला मला सत्तरी ओलांडावी लागली, आणि माझ्या धाकट्या जावेला जावई मिळावा लागला.

हा जावेचा जावई म्हणजे, मी अगदी जबाबदारीने सांगते, दिसेल त्या वस्तूवर ‘तुझं नाव हे का?’ म्हणून खटला भरणारा देवगड तालुक्यातला एकमेव इसम आहे. मूळचा मसुऱ्याचा, नोकरी पुण्याच्या कंपनीत, पण आंब्याच्या दिवसांत मुक्काम जामसंड्याला सासरवाडीच्या पडवीत. तिथे आरामखुर्चीत बसून, मांडीवर लॅपटॉप ठेवून तो जे करतो त्याला तो काम म्हणतो. लोकांनी लिहिलेले प्रोग्राम चालवून न बघता नुसते वाचायचे आणि त्यांत कुठे काय बिघडलंय ते सांगायचं. मी एकदा विचारलं, “म्हणजे रोग्याला हात न लावता औषध?” तर म्हणाला, “काकी, रोगी सगळा नावांतून बोलतो. कुणी कशाला काय नाव दिलंय ते नीट वाचलं की अर्धं दुखणं कळतं.” मला काही कळलं नाही. मी मान हलवली. त्याच्यासमोर मान हलवायची सवय आमच्या घरात सगळ्यांना आहे.

नावाने वस्तूचं काम सांगायला हवं, असा त्याचा बाणा. पहिल्याच वर्षी त्याने माझ्या जावेच्या स्वयंपाकघरातले सगळे डबे नव्याने नोंदवले. मिठाच्या बरणीवर चिठ्ठी लावली: ‘चव बघितल्याशिवाय पुन्हा घालू नये’. हळदीवर ‘डाग पडतो’. चण्याची डाळ तर जावेला अर्धा दिवस सापडली नाही. शेवटी ती ‘भिजवायला विसरतात ती’ या डब्यात निघाली. जाऊ कपाळावर हात मारून म्हणाली, “माज्याच सौंसारात माका माजा मीठ गावना नाय!” दाराशी आलेल्या कोळणीने “ताजी सुरमय घे रे झिला” म्हटलं, तर हा टोपलीवर ओणवा होऊन विचारतो, “ताजी म्हणजे कधीपासूनची?” तिने कंबरेवर हात ठेवला. “तुज्या लग्नाआदीची नाय मेल्या, घे मुकाट!” त्याने घेतली, आणि वर वहीत लिहून ठेवलं की ‘ताजी’ या शब्दाला बाजारात काही ठरलेला अर्थ नाही.

पण कळस झाला तो त्याच्या लेकीच्या बारशाला. पाळणा सजलेला, घुगऱ्या वाटायला घेतलेल्या, आत्या बाळाच्या कानाशी नाव सांगायला वाकलेली, आणि हा हात वर करून म्हणतो, “थांबा. तिची वागणूक अजून कुणी पाहिलेली नाही. नाव कशाच्या आधारावर ठेवताय?” आत्या वाकलेली ती तशीच राहिली, तिची कंबर पुढे आठ दिवस धरली होती. शेवटी तडजोड झाली की मुलीला सध्या ‘तात्पुरती’ म्हणायचं. पाच महिन्यांनी तिला रीतसर नाव मिळालं. ती आता चार वर्षांची आहे, रडायला लागली की दोन घरं पलीकडे ऐकू येतं, आणि तिची आजी तिला अजून “गो तात्पुरते” अशीच हाक मारते.

तर हा असा माणूस माझ्या जुन्या पापाच्या वाटेला कसा गेला, ते सांगायचं तर आधी तेव्हाच्या मला तुमच्यासमोर उभं करायला हवं. फार प्रेक्षणीय बाई होती. तालुक्याच्या गावी तीन महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स केलेला, आणि त्या बळावर कोकणात विजेनंतर आपणच आलो असा डौल. आमच्या आंबा बागायतदारांच्या संस्थेने पॅकिंग शेडच्या कोपऱ्यात कॉम्प्युटर आणला, तेव्हा तो चालवायला मी. खोलीबाहेर चपला काढायला लावायची. यंत्रावर माझ्या लग्नातली शाल पांघरायची. कुणी शिंकलं तर बाहेर पाठवायची. आणि मी चक्क एक प्रोग्रामही लिहिला. कुणाची पेटी कुठल्या ट्रकात जाणार हे तो ठरवी. आंबा किती तयार आहे ते आपण आण्यांत मोजतो. चौदा आणे तयार झालेला आंबा लवकर पिकतो, तेव्हा तो जवळच्या बाजाराला. बारा आण्यांचा दम धरतो, तेव्हा तो लांबच्या. शिवाय आणे सारखे असले तर तोडून किती दिवस झाले तेही बघायचं. आधी आणे आणि मग दिवस असे दोन आकडे प्रोग्रामला द्यायचे, की तो ट्रक सांगायचा.

आता प्रोग्राममध्ये प्रत्येक आकड्याला एक नाव द्यावं लागतं. कोर्सच्या सरांनी सांगितलं होतं, लक्षात राहील असं नाव द्या. मला लक्षात राहील असं घरापलीकडे काय असणार? मी घरची माणसंच आत नेऊन बसवली. इंग्रजी अक्षरांत का होईना, पण सगळं गोत. आणि त्या प्रोग्रामवर मी इतकी खूश होते की येणाऱ्याजाणाऱ्याला पडदा दाखवायची.

मग एक दिवस कळलं की उद्या मुंबईहून कुणी साहेब येणार, आणि त्यांना कॉम्प्युटर दाखवायला संस्थेचे अध्यक्ष स्वतः येणार. अध्यक्ष म्हणजे आमचे चुलत सासरे. त्यांच्यासमोर पडद्यावर सासूबाईंचं नाव, आणि त्यांचं काय काय केलंय ते!  त्या दुपारी मी एकेक नाव खोडून तिथे ए-एक, ए-दोन, ए-तीन असे नंबर घालत सुटले. मधेच चहाला उठले, परत आले तर कुठपर्यंत आले होते ते विसरले, म्हणून पुढच्या, दुपारी येणाऱ्या पेट्यांच्या भागाला आणखी पुढचे नंबर दिले. झालं. पडदा कसा सभ्य दिसू लागला. साहेब आले, बघून “छान” म्हणाले, सरबत पिऊन गेले. मी कृतकृत्य. सहा महिन्यांत ए-सात म्हणजे कोण हे मलाच सांगता येईना, पण प्रोग्राम चालत होता. चालत्या गाडीला खीळ कोण घालतो?

तो इतकी वर्षं चालला. यंत्रं दोनदा बदलली, मी घरी बसले, प्रोग्राम तोच. आणि इतकीच वर्षं माझ्या धाकट्या जावेचे आंबे नासत राहिले.

तिच्या वाटणीला खाडीपलीकडची बाग आली. तिथून पेट्या पूर्वी होडीने यायच्या, आता टेम्पोने येतात, पण येतात दुपारीच; बाकी साऱ्यांच्या सकाळी. बाई जात्याच हट्टी. “आंबो झाडार तयार झाल्याशिवाय मी काडूचंय नाय,” हा तिचा शब्द. देठाशी नाक नेऊन ती आणे सांगायची, आणि तिच्या पेट्या बाजारात पोचायच्या त्या काळ्या पडलेल्या, पाणी सुटलेल्या. दर वर्षी तक्रार. लोक म्हणायचे, तिला आंब्याची पारख नाही. आणि सगळ्यांत मोठ्याने कोण म्हणायचं? मी. लग्नकार्यात, हळदीकुंकवात, पंगतीत. “आमच्या जावेचा हात दोन आण्यांचा,” हा माझा ठेवणीतला विनोद. लोक हसायचे. तीही हसायची.

यंदा संस्थेने ठरवलं, जुना प्रोग्राम काढून नवा आणायचा, आणि त्याआधी जुन्याचे नियम कुणीतरी वाचून द्यावेत. काम आपसूक जावयाकडे आलं. त्याच बैठकीत दुसरंही निघालं: खाडीपलीकडच्या बागेमुळे सगळ्यांचं नाव खराब होतं, तेव्हा त्या पेट्या यापुढे घ्यायच्या नाहीत. पक्का निर्णय येत्या सोमवारी. म्हणजे जावेला बाग व्यापाऱ्याच्या हाती द्यावी लागणार. तिने कळशीने पाणी घालून वाढवलेली झाडं, आणि आंबे तोडणार तो, त्याला हवे तेव्हा.  ती दोन दिवस बागेतून घरी जेवायला आली नाही.

जावई तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आला. काखेत कागदांची भेंडोळी, चेहरा असा की घरात कुणी गेलंय. प्रोग्रामबद्दल बोलायचं असलं की तो मालवणी सोडून शुद्ध मराठीत शिरतो, जणू समोर तहसीलदार बसलेत.

“काकी, हा प्रोग्राम तुम्ही लिहिलात?”

“हो,” मी म्हटलं, थोडी मान ताठ करून.

“यात एकाही गोष्टीला नाव नाही. मी आजवर चोरांनी मुद्दाम लपवलेले प्रोग्राम वाचलेत. ते सोपे होते.”

मान खाली आली. मी सगळं कबूल केलं. मला वाटलं, त्याला राग येईल, पण त्याचे डोळे एकदम लकाकले. “म्हणजे नावं होती! मग ती परत आणता येतील. नाव पुसलं तरी वागणूक तीच राहते. मी वागणूक सांगतो, तुम्ही माणूस ओळखा.”

आणि आमच्या पडवीत तो खेळ सुरू झाला. हे झोपाळ्यावर पेपर वाचत होते, जाऊ नातीला घेऊन नुकतीच येऊन पायरीवर टेकली होती.

“ए-चार,” जावई म्हणाला. “एकदा ठरतो. मग सगळे त्याच्याकडे बघून आपापलं ठरवतात. त्याला मात्र कुणी बदलत नाही.”

“पोस्टमास्तर?” मी म्हटलं.

“तुमच्या घरातलं माणूस, काकी.”

“अगो बाई! मग सासूबाईच.” म्हणजे आंब्याचे आणे. एकदा ठरले की ठरले.

“ए-पाच. दर दिवशी एकाने वाढतो. कमी कधीच होत नाही.”

हे मला लगेच आलं. “नणंद! दोन दिवसांसाठी म्हणून यायची, आणि रोज एकेक दिवस वाढायचा.” म्हणजे तोडणीनंतरचे दिवस.

“ए-सहा. ए-चार आणि ए-पाच मिळून याला सांगतात कुठे जायचं. हा जातो. स्वतः काहीच ठरवत नाही.”

 नवऱ्याचं नाव आमच्या पिढीत घेत नसत, तेव्हा प्रोग्राममध्येही मी नुसतं ‘हे’ लिहिलं होतं, एवढं आठवलं. मी झोपाळ्याकडे बघितलं. पेपराआडून आवाज आला, “म्हणजे मी ट्रक?”

इथवर ठीक होतं. पण पुढे दुपारच्या पेट्यांचा भाग आला आणि माझी मती गुंग झाली. जावई एकाएकी ओरडला, “सासूबाई सापडल्या! बाराव्या नंबरला!” जावेने नातीला छातीशी धरलं. “खंय? कोणाक सापडली?” आमच्या सासूबाईंना जाऊन बरीच वर्षं झालीत, आणि जाऊ त्यांना अजून वचकून आहे.

“पण सासूबाई तर ए-चार झाल्या ना?” मी म्हटलं. “मग बारा कोण?”

“त्याच. तुम्ही चहाला उठलात आणि नंबर विसरलात. एकाच बाईला दोन ठिकाणी दोन नावं. तुम्हाला नाही का, माहेरी एक आणि सासरी एक?”

तेवढ्यापुरतं कळलं, मग पुन्हा कळेनासं झालं. नणंद अकरावी निघाली. ए-नऊला तर मी तीन माणसं सांगितली, तिन्ही चुकली. जावई म्हणाला, “नीट ऐका. एकाकडचं घेते, क्षणभर सांभाळते, दुसऱ्याला देते आणि रिकामी होते. पडद्यावर कधीच दिसत नाही.”

 माझ्या लग्नात ताटातल्या तांदळांत अंगठीने माझं नवं नाव लिहिलं होतं, आणि जुनं नाव तिथेच संपलं होतं. ते मी कुठेतरी ठेवलं होतं खरं. पुढे तेही नंबर घालून बुजवलं.

“ती मी,” मी म्हटलं. “माहेरचं नाव.” आणि ते उच्चारलं. इतक्या वर्षांनी तोंडात घेतल्यावर ते परक्याच कुणा मुलीचं वाटलं. जावयाने क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि फार हळू विचारलं, “इंग्रजीत कसं लिहायचं?”

मग कागदावर सगळं गोत पुन्हा मांडून झालं. दीर होते, मामेसासरे होते, आमचा मोती कुत्रासुद्धा होता. जावयाने यादीवरून दोनदा बोट फिरवलं आणि शुद्ध मराठी विसरून विचारलं, “आणि आई खंय आसत?” सासूला तो आई म्हणतो. मी शोधलं. जाऊ कुठेच नव्हती. अख्ख्या प्रोग्राममध्ये मी तिला एक कोपरा दिला नव्हता.

तो पुढे वाचू लागला आणि मधेच थांबला. “काकी, तुमच्याकडे पान वाढताना आधी कुणाचं?”

“सासूबाईंचं. मग नणंदेचं. हे काय विचारणं झालं?”

“सकाळच्या भागात तसंच आहे. आधी सासू, मग नणंद. दुपारच्या भागात आधी नणंदेचं पान वाढलंय.”

“शक्यच नाही! त्या घरात तसं केलं असतं तर आज मी तुमच्याशी बोलायला असते का?”

“नावं असताना तुम्ही तसं केलं नव्हतंच,” तो म्हणाला. “पुसताना केलंत.”

आणि मला ती दुपार लख्ख दिसली. त्या भागात नणंद वर कुठेतरी आधी भेटली म्हणून तिला अकरा मिळाला होता, तेव्हा नंबर घालून झाल्यावर तिथे आधी बारा आणि मग अकरा असं दिसत होतं. किती गबाळं! नीटनेटकेपणाची आवड मला जात्याच. मी उचलून अकरा आधी घातले, बारा नंतर. सरळ. दोन्ही आकडेच, यंत्राला काय फरक? ते दिवसांना आणे समजू लागलं. जावेचे चौदा आणे तयार, दोन दिवसांपूर्वी तोडलेले आंबे त्याच्या लेखी झाले दोन आण्यांची कैरी, आणि ते दर वेळी त्यांना सगळ्यांत लांबच्या ट्रकात चढवत राहिलं. इतकी वर्षं.

“नाव म्हणजे साक्षीदार असतो,” जावई कागद गुंडाळत म्हणाला. “खोटंही बोलतो कधी कधी. पण साक्षीदारच पळवून लावला तर निकाल कुणाच्याही विरुद्ध लागतो.” यावेळी मी मान हलवली ती कळून हलवली. पायरीकडे बघायचं मात्र धाडस झालं नाही. बघितलं तेव्हा जाऊ नातीला घेऊन गेलेली होती.

सोमवारी बैठकीत त्याने सगळं वाचून दाखवलं, सासू-नणंदेसकट. लोक आधी गोंधळले, मग हसले, मग माझ्याकडे बघू लागले. मी उभी राहिले आणि म्हटलं, चूक माझी, पारख तिची कधीच चुकली नव्हती. आणि तो दोन आण्यांचा विनोद मी परत घेते. वाक्य संपता संपता कॉम्प्युटरवर शाल पांघरणारी ती बाई मला त्या शेडच्या कोपऱ्यात उभी दिसली. तिच्या एक थोबाडीत द्यावीशी वाटली. जाऊ मागच्या बाकावर होती. तिच्या पेट्या घ्यायच्या ठरल्या. ती उठून गेली.

त्या आठवड्यात तिचे चौदा आण्यांचे आंबे पहिल्यांदा जवळच्या ट्रकात चढले. बाजारातून तक्रार आली नाही. मी चार दिवस वाट बघितली आणि पाचव्या सकाळी खाडीपलीकडे गेले. ती बागेतल्या मांगरात बसून पेंढ्यावर आंबे लावत होती. एकेक उचलायची, देठाशी हुंगायची, ठेवायची. मी बरंच काही पाठ करून गेले होते. त्यातलं काहीच आठवेना. मी तिच्याजवळ जमिनीवर बसले आणि नुसती टोपलीतून एकेक आंबा तिच्या हातात देऊ लागले. ती घेत राहिली. टोपली रिकामी झाली तेव्हा तिने हातातला शेवटचा आंबा खाली न ठेवता माझ्या नाकाशी धरला, मला हुंगू दिला, आणि म्हणाली:

“वयनी, आता जावय त्या नव्या डब्यात परत सगळ्यांची नावां घालतलो, तेका सांग, माजा पण खंयतरी घाल म्हणान. पण सासूच्या आदी नको हां. नायतर परत आंबे कुसतले.”